गडव्याची धार

बाई,

आधी ‘प्रिय’ लिहिलं होतं, मग खोडलं. तुम्ही हसला असता, आणि मलाही आज ते खरं वाटत नाही. आपण दोघी सासू-सुना आयुष्यभर समोरासमोर भांडलो. पाठीमागे बोलायची सवय मला नाही. तुम्हाला थोडी होती. संक्रांतीचे तीळ अजून डब्यात होते तेव्हा तुम्ही झोपेत निघून गेलात. आता नवतपाचे नऊ कडक दिवस लागले आहेत. मधल्या काळात तुम्हाला पत्र लिहावं असं एकदाही वाटलं नाही. आज लिहिते आहे, कारण तुमची एक चलाखी मी पकडली आहे, आणि जाब विचारायला तुम्ही जागेवर नाही!

विषय मनूचा आहे. तुमच्या लाडक्या पणतीचा. तुम्ही गेलात तेव्हा ती पोर कोरडी झोपत होती, कोरडी उठत होती. आणि अक्षय्य तृतीयेपासून, तुमच्या अकतीपासून, रोज अंथरूण ओलं. रात्री तर रात्री, दुपारच्या झोपेतसुद्धा. साडेतीन वर्षांचं लेकरू, पण उठल्यावर आपल्या फ्रॉककडे असं बघायचं, जणू कोणी चोरी करून माल तिच्या खिशात टाकला आहे.

या सगळ्यात मी एकाही माणसावर विश्वास ठेवला नाही. तुमच्यावर तर नाहीच.

आठवतं ना, गेल्या पावसाळ्यात आपल्या पल्लवीनं मनूचे डायपर बंद करायचं ठरवलं? नागपूरहून बदकाच्या तोंडाची गुलाबी पॉटी आली. मनू तिच्यावर बसायची, बदकाला खाऊ भरवायची, आणि उठून पडद्यामागे जाऊन आपला कार्यक्रम उरकायची. मी म्हटलं, वेळ ठरवा, घड्याळ लावून बसवा. पल्लवी म्हणाली, “आई, मुलांवर प्रेशर टाकायचं नसतं.” मी म्हटलं, मग पडद्यावर टाकू दे. निखिल दोघींच्या मधून बॅग उचलून चिखल्याच्या बसला पळाला. तुमचा नातू खाणीत उतरायला घाबरत नाही, पण बायको आणि आई बोलत असल्या की त्याची बस नेहमीच सुटत असते.

तुम्ही खाटेवर पडून सगळं ऐकत होता.

“झालं काय व तुमचं दोघींचं?” तुम्ही म्हणालात. “आना इकडे त्या पोट्टीले. अन् तुमी जा, आपला टीवी पाहा.”

तिला घेऊन मागच्या मोरीत गेलात आणि दार आतून ओढून घेतलंत. बाहेर आलात तेव्हा काम झालेलं होतं. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. दिवाळीच्या फराळापर्यंत मनू स्वतःहून मोरीकडे धावायला लागली. बदकाची पॉटी माळ्यावर गेली.

“आत करता तरी काय तुम्ही?” मी विचारलं होतं.

“मंतर मारतो.”

“कोणता मंत्र?”

“काहून? तुले कानवेंटात नाही शिकवला?”

लग्न होऊन तुमसरला आले त्या दिवसापासून तुम्ही मला कानवेंटवाली म्हणत आलात. इंग्रजी बोलता येतं म्हणून मला टेलिफोन एक्सचेंजात नोकरी लागली, तेव्हा तुम्ही गल्लीभर सांगितलं, “आमची सून कानाची कमाई खाते.” निखिल लहान होता तेव्हा एक्सचेंजात माझ्या दिवस-रात्रीच्या पाळ्या असायच्या. त्यालाही वळण तुम्हीच लावलंत. तेव्हाही दार बंद. माझा मुलगा, माझी मोरी, आणि मला आत प्रवेश नाही! तेव्हापासून मला संशय होता, की ही बाई मुद्दाम शिकवत नाही. शिकवलं तर हिची गरज उरणार नाही, म्हणून.

तर, अकतीची गोष्ट. यंदा चैत्रभर अवकाळी पाऊस पडत राहिला, म्हणून उन्हाळा उशिरा तापला. तुमच्या चिरंजीवांनी कूलर बाहेर काढला, वाळ्याच्या ताट्या बसवल्या, रंगाचा हात मारला, आणि त्याच दिवशी घरात पितरांची घागर भरली. तुमचं वर्ष झालेलं नाही, म्हणून तुमच्या नावाची वेगळी घागर नव्हती. भटजींनीच तसं सांगितलं. त्या रात्री मनूनं पहिल्यांदा गादी भिजवली.

पल्लवीनं दोन-चार वेळा माझ्यापासून लपवलं. सकाळी उठून बघते तर गच्चीवर चादर वाळत घातलेली, तीही मधल्या दोरीवर, बाजूला साड्यांचा आडोसा करून. राईस मिलचा कोंडा उडून येतो म्हणून आपण गच्चीवर पांढरं काही वाळत घालत नाही. मला लगेच समजलं. एक्सचेंजात एवढी वर्षं काढली. लोक काय लपवतात ते त्यांच्या आवाजाआधी मला कळतं.

“मनूची चादर आहे का?”

“नाही आई, दूध सांडलं होतं.”

“दुधाला असा वास येतो?”

ती साड्यांचा आडोसा सारखा करायला लागली. मला आधी वाटलं, हिनं रात्री पुन्हा डायपर सुरू केले असणार, मुलीची सवय मोडली असणार. मी कचऱ्याची बादलीसुद्धा पाहिली. काही सापडलं नाही. मग मला त्या नर्सरीच्या टीचरचा संशय आला. तिथे म्हणे सगळ्या मुलांना एकदमच रांगेत नेतात, मध्ये कोणी बोट वर केलं तर “होल्ड इट, बेबी!” पण नर्सरीला सुट्टी लागली आणि गादी ओलीच.

मग तुमची लेक आली करडीहून. शकूताई. आंब्याची पाटी घेऊन आली आणि दाराशीच म्हणाली, “वहिनी, पोट्टी अशी काहून सुकली?”

सुकणारच. कारण पल्लवीनं मोबाइलवर कुठेतरी पाहून चार वाजल्यानंतर मनूचं पाणी बंद केलं होतं. भिंतीवर तक्ता लावला होता, कोरड्या सकाळीला चांदणी. तक्ता रिकामा. बाई, तुम्हीच सांगा, तुमसरच्या उन्हाळ्यात, जिथे रस्त्यावरचं कुत्रंसुद्धा रसवंतीच्या नाल्यात जाऊन बसतं, तिथे लेकराचं पाणी तोडायचं? मी ओरडले. पल्लवी म्हणाली, “मग तुम्हीच सांगा ना आई, काय करू? जूनमध्ये केजीला घ्यायचं आहे. तिथे लिहून घेतात, मूल टॉयलेट-ट्रेन्ड आहे म्हणून. मी खोटं लिहू?” तिचा आवाज चिरका झाला होता. पतसंस्थेत दिवसभर लोकांशी गोड बोलून आलेली बाई घरी येऊन चादरी धुते. तिच्यावर संशय घ्यायलाही मला जड जायला लागलं होतं. तरी मी घेतलाच.

मनूला मी मांडीवर घेऊन विचारलं, “बाळा, तुला झोपेत कळत नाही का गं?”

“कळते.”

“मग उठत का नाहीस?”

“मोठी आजी म्हणते, कर.”

मोठी आजी म्हणजे तुम्ही. शकूताईंच्या हातातला आंबा तसाच राहिला.

“आयकलं, वहिनी? बाई तहानली आहे. अकतीले तिच्या नावाची घागर नाही भरली तुमी. आता ती लेकराच्या अंगातून पानी मांगून राहिली.”

“पाणी मागणारा माणूस अंथरुणात पाणी सोडेल कशाला? उलटं नाही का ते?” मी म्हटलं.

“तुमाले सगळ्यातच वकिली सुचते.”

मी वकिली केली खरी, पण माझ्याही अंगावर काटा आला होता. आणि हेही लिहून टाकते: क्षणभर मला तुमचाच संशय आला. जिवंतपणी पोरीवर हक्क सोडला नाही, मेल्यावर सोडतील कशावरून?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मनू दिसेना. मी हाका मारत गच्चीवर गेले. टाकीच्या सावलीत आपण चिमण्यांसाठी मातीचं परळ ठेवतो ना, तिथे ती ओणवी बसली होती. परळाला तोंड लावून पाणी पीत होती. कोंडा तरंगत होता त्यात. मला बघून घाबरली, तोंड पुसलं आणि म्हणाली, “मी नाही पिली. चिमणी पिली.”

बाई, मी रडणारी नाही, तुम्हाला माहीत आहे. मी तिला कडेवर घेऊन खाली आले, तांब्या तिच्या तोंडाला लावला आणि सगळ्यांसमोर सांगितलं, या घरात या पोरीचं पाणी पुन्हा कोणी तोडलं तर त्याच्याशी माझी गाठ आहे. तो तक्ताही फाडला.

पण त्याचा परिणाम भलताच झाला. पल्लवी खचली. पाणी द्यायचं तर गादी भिजणार, गादी भिजली तर शाळा नाही. आणि शकूताईंनी नेमका तो क्षण धरला.

“गावाकडे एक म्हातारा आहे. हळकुंड तापवते अन् बेंबीखाली टेकवते. एकच चटका, वहिनी. बारीकसा. आमच्या शेजारच्या पोट्ट्याले दिला, पुन्हा कधी मुतला नाही.”

“पुन्हा कधी हसला का ते सांगा.”

“तुमी बोलूच नका. पल्लवी, तू सांग.”

पल्लवीनं माझ्याकडे पाहिलं नाही. “गुरुवारी नेऊन आणू,” ती हळू म्हणाली. “एकदाच दुखेल.” निखिलची बस सुटायची वेळ नेमकी तेव्हाच झाली. तुमचे चिरंजीव पेपर वाचत राहिले, उलटा नव्हता एवढंच.

आता तुम्हाला एक सांगते, जे मी ह्यांनाही सांगितलेलं नाही. बोर्डिंगात पहिल्या वर्षी मीही अंथरूण ओलं करत असे. घर सोडून गेलेली मुलगी, रात्री अंधाऱ्या व्हरांड्यातून शेवटपर्यंत जायची भीती. सकाळी सिस्टर ती चादर घडी करून माझ्या डोक्यावर ठेवायच्या, आणि बाकीच्या मुली नाश्त्याला चालल्या की मला त्यांच्या शेजारून उलट्या दिशेनं चालावं लागायचं. कोणी हसायचं नाही. हसायची परवानगी नव्हती. तेच जास्त वाईट होतं. त्या चादरीचा गारवा माझ्या टाळूला अजून आठवतो. मला इंग्रजी उत्तम आलं, शिस्त आली, नोकरी लागली, सगळं खरं. पण कोणा लेकराला त्याच्या मुतासाठी शिक्षा होताना दिसली की माझं डोकं ठिकाणावर राहत नाही.

म्हणून बुधवारी दुपारी मी झोपले नाही. पहारा केला. शकूताई एखादी राख, एखादा दोरा मनूच्या उशाला सारतील याची मला खात्री होती. बाहेर ऊन पेटलेलं, खिडक्यांना ओले पडदे, पल्लवी पतसंस्थेत, आणि आम्ही तिघी समोरच्या खोलीत कूलरपुढे आडव्या. मनू रात्रीसारखीच कूलरला अगदी लागून. मी डोळे मिटून जागी. शकूताईही डोळे मिटून जाग्या होत्या, त्यांनाही माझा संशय असणार.

लाइन गेली. कूलर थांबला. मनू घामेजली, पण कोरडीच झोपून राहिली. बऱ्याच वेळानं लाइन आली. तुम्हाला आपला कूलर माहीत आहे. त्याचा पंखा लाइन आल्यावर आपोआप फिरत नाही, त्याला काडीनं ढकलावं लागतं. पण पंप चालू होतो. तर पंखा गप्प आणि पंप चालू. खोली एकदम शांत. आणि त्या शांततेत मला आवाज आला.

बारीक धार. पत्र्यावर पडणारी. एकसारखी, न तुटणारी.

वरच्या नळीचं एक तोंड ताटीवरून निसटलं होतं, आणि तिथलं पाणी सरळ खालच्या पत्र्यावर पडत होतं. रोज पंख्याच्या घरघरीत ते आम्हाला ऐकू येत नव्हतं. मनूचा कान त्या पत्र्यापासून हातभर लांब.

मी तो आवाज कुठे ऐकला आहे ते आठवेपर्यंत मनूनं झोपेत गुडघे पोटाशी घेतले, पाय जुळवले, जणू कशावर तरी नीट बसते आहे. आणि चादरीवर डाग पसरायला लागला.

बंद दाराआडून ऐकला होता मी तो आवाज! निखिलच्या वेळी ऐकला, मनूच्या वेळी ऐकला. मोरीतला. मी ओरडलेच, “शकूताई, बाई आत काय करायच्या?”

शकूताई दचकून उठल्या. “कोन? कवा?”

“मोरीत! लेकराला घेऊन!”

“आता बाप्पा, त्यात काय इचारता? पाय लांब करून बसे. लेकराले दोन पायावर बसवे. अन् गडव्यानं घमेल्यात बारीक धार सोडे. धारेचा आवाज आयकला का लेकरू करते. आमालेबी तसंच लावलं. करडीले सगळ्याच बाया असंच करतात.”

“आणि हे तुम्ही आत्ता सांगता?”

“तुमी कवा इचारलं?”

मी कूलरचं बटण बंद केलं. धार थांबली. मग पुन्हा लावलं. शकूताई ऐकत राहिल्या, डोकं एका बाजूला करून. मग त्यांनी तोंडावर पदर घेतला. हसत होत्या की रडत होत्या, मला कळलं नाही. “माय व,” एवढंच म्हणाल्या. “बाईच आहे की हे.”

पोर खरंच बोलत होती, बाई. मोठी आजी म्हणत होती, कर. आम्ही शहाण्या बाया भूत, टीचर आणि डायपर शोधत फिरलो.

संध्याकाळी पल्लवीला सगळं सांगितलं. तिला पटेना. मीही तिच्या जागी असते तर मला पटलं नसतं. म्हणून तिच्यासमोर पंप बंद ठेवून मनूला झोपवलं. सकाळी चादर कोरडी. दुपारी कोरडी. पल्लवी चादरीवरून परत परत हात फिरवत होती. मग ती मोरीत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. गुरुवार आला आणि गेला, आणि शकूताई आंब्याची रिकामी पाटी घेऊन एकट्याच करडीला गेल्या. जाताना म्हणाल्या, “हळकुंडाचं मनात नका ठेवू, वहिनी.” ठेवणार आहे. पण त्यांना तसं सांगितलं नाही.

पंप बंद म्हणजे नुसती गरम हवा, म्हणून निखिलनं कुरकुर केली. तेव्हा तुमचे चिरंजीव पहिल्यांदा उठले. नळी नीट बसवली तरी ठिबकतेच, म्हणाले. तुमच्या पेटीतून एक जुनं, मऊ झालेलं लुगडं काढलं, त्याची पट्टी फाडली, आणि नळीच्या तोंडाला बांधून खाली टाकीपर्यंत सोडली. आता पाणी त्या कापडावरून उतरतं. आवाज येत नाही. तुमची धार तुमच्याच लुगड्यानं बंद केली, बाई!

इथेच पत्र संपवणार होते. जाब विचारायचा, आणि सही करायची. काहून शिकवलं नाही आम्हाला? धार सांगितली असती तर धार सोडवायची कशी तेही शिकलो असतो. लेकराला सवय लावलीत आणि किल्ली घेऊन निघून गेलात. दार लावून बसायची एवढी काय गरज होती?

पण आज सकाळी मी मनूला विचारलं, “मोठी आजी कसं करायची, दाखव.” ती मोरीत बसली, पाय लांब केले, बाहुलीला पायावर ठेवलं, रिकामा गडवा तिरपा केला. “सूऽऽ” म्हणाली. बाहुलीला शाबासकी दिली. मग बाहुली बाजूला ठेवून दोन्ही हात माझ्याकडे केले.

“हे काय गं?”

“आता मले उठव. मोठी आजी म्हणे, उठव व माय. मग मी ओढो. मोठी आजी पडे अन् मग उठे. कोनाले सांगायचं नाही म्हणे.”

म्हणून दार लावत होता?

खाली बसलात की तुम्हाला उठता येत नव्हतं, हे मला कळलं असतं तर मी तुम्हाला मोरीत जाऊ दिलं नसतं. बरोबर ओळखलंत. मी खुर्ची आणली असती, कामाला बाई लावली असती, आणि पोर तुमच्या पायांवरून काढून घेतली असती. एवढी वर्षं तुमच्यावर संशय घेतला, आणि नेमकी ही गोष्ट माझ्या नजरेतून सुटली. की हाही तुमचा एक डाव आहे, मी भांडण मागे घ्यावं म्हणून? तसं असेल तर आधीच सांगते, मी अर्धंच मागे घेतलं आहे.

आता वचन देते. मनूला पाणी मागेल तेव्हा मिळेल, आणि चादर पुन्हा ओली झाली तर ती मधल्या दोरीवर लपवली जाणार नाही. पुढच्या दोरीवर वाळेल, सगळ्यांसमोर, तिच्या फ्रॉकांच्या शेजारी. पुढच्या अकतीला तुमच्या नावाची घागर मी स्वतः भरीन. पण बारीक धार सोडून नाही. मनू जवळच बसलेली असणार. एकदम ओतीन, तेवढं समजून घ्या.

तुमची कानवेंटवाली,
सुलभा